माझ्या वहीत दुसऱ्याचं अक्षर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर मोबाइलबद्दल दोन पत्रं होती. एकाचं म्हणणं, मोबाइल विळ्यासारखा आहे, त्याने कडबा कापायचा की बोट हे ज्याच्या हातात आहे त्याने ठरवायचं. दुसऱ्याचं म्हणणं, हे दारूसारखं व्यसन आहे, घराबाहेर काढा. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली आणि दोन्ही मला अर्धवट वाटली. मी दारव्हा तालुक्यात सात एकर कोरडवाहू कसतो. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. वय ५५. मला या विषयात जे सांगायचं आहे ते आमच्या बाबांच्या वहीपासून सुरू होतं, म्हणून पत्र जरा लांबेल.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. जुनी सातवी शिकलेले. १९७१ च्या पाडव्यापासून त्यांनी दरवर्षी एक लाल बांधणीची चोपडी घातली ती २०२१ पर्यंत, हात थरथरायला लागेपर्यंत. लोखंडी पेटीत अशा ५१ चोपड्या आहेत. मृग कोरडं गेलं की पाणी आलं, धूळपेरणी वावरातल्या कोणत्या ओळीत केली, सरकी कधी टोबली, डवऱ्याचे फेर किती झाले, सालदाराला उचल किती दिली, पहिल्या वेचणीला किती कापूस निघाला, सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीचा चुकारा किती हप्त्यांत आला, सगळं त्यात आहे. एका ओळीत एक गोष्ट. वर तिथी, खाली तारीख.

तीन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण कधी कधी सकाळी ओसरीत बसून विचारतात, "तुही माय कुठं गेली रे?" माझ्या मुलीला परवा म्हणाले, "तू कोनाची वं?" पण गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलाचाली झाली, तेव्हा हेच बाबा उठले, पेटीजवळ गेले आणि १९८७ ची चोपडी बरोबर काढली. बोट पानावरून खाली घसरत आलं आणि एका ओळीवर थांबलं. "धुऱ्यावरलं बाभूळ तोडलं. अर्धं आपलं, अर्धं त्यायचं." शेजाऱ्याने ती ओळ वाचली आणि वाद तिथंच मिटला. ओळ दाखवल्यावर बाबांचा चेहरा असा झाला की जणू ते बाभूळ त्यांनी कालच तोडलं. मला त्या दिवशी उमगलं, बाबांची आठवण डोक्यात कमी आणि पेटीत जास्त राहिली आहे. त्या चोपड्या कोणी जाळल्या तर त्याने बाबांचा कागद जाळला असं मी म्हणणार नाही. बाबांचा एक भाग जाळला असं म्हणेन.

माझी मुलगी अमरावतीला तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करते. दिवाळीत घरी आली तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "पप्पा, हेच तर आमाले शिकवलं." अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स नावाच्या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये एक लेख लिहिला. त्यात ओटो नावाचा एक कल्पनेतला माणूस आहे. त्याला विस्मरणाचा आजार आहे आणि तो सगळं वहीत लिहून ठेवतो. न्यूयॉर्कमधलं एक संग्रहालय पाहायचं तर तो वही उघडतो, पत्ता वाचतो आणि निघतो. धडधाकट बाई तोच पत्ता डोक्यातून काढते. लेखक म्हणतात, दोघांत मुळात फरक नाही. ओटोची वही हा त्याच्या मनाचाच भाग आहे, मन कवटीपाशी संपत नाही. पण त्यांनी अटी घातल्या. वही कायम जवळ पाहिजे. हवं ते चटकन सापडलं पाहिजे. तिच्यातल्या मजकुरावर त्याचा सहज विश्वास पाहिजे. चौथी अट त्यांनी जरा चाचरतच घातली, असं मुलगी म्हणाली. ती अशी की वहीत जे आहे ते कधीतरी त्या माणसाने स्वतः समजून, पटवून घेतलेलं पाहिजे.

ती चौथी अट ऐकली आणि मी जेवता जेवता थांबलो. आजच्या साऱ्या भांडणाची मेख मला त्या अटीत दिसते.

माझा फोन माझी वही आहे का? आहे. एक प्रसंग सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या वेळी दवाखान्याच्या दारात डॉक्टर पहिला प्रश्न विचारत, कोणतं औषध फवारलं? आणि पंपावर काम करणाऱ्या मजुराला ते सांगता येत नव्हतं, कारण दोन-तीन बाटल्या एकत्र करून द्रावण त्याच्या हाती दिलेलं असायचं. उतारा तर औषधाच्या जातीवर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन, दुसऱ्या काही जातींना नेमका उताराच नाही, फक्त लक्षणं सांभाळायची. तेव्हापासून मी नेम केला. ड्रममध्ये काही ओतण्याआधी प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो काढायचा. विषारीपणा सांगणारा रंगाचा चौकोन, घटकाचं नाव, उताऱ्याची ओळ, सगळं त्यात आलं पाहिजे.

२०२१ च्या सप्टेंबरात आमच्याकडे फवारायला येणारा माणूस दुपारी धुऱ्यावर बसला आणि उलटी करायला लागला. तोंडातून लाळ, घामाने अंगरखा ओला, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेला. डॉक्टरांनी विचारलं, मी फोन काढला, फोटो दाखवला. त्यांनी वाचलं आणि मिनिटभरात सुई भरली. माझं डोकं त्या वेळी कोरं झालं होतं. मला स्वतःचं गाव धड सांगता आलं नसतं, तिथं औषधाचं इंग्रजी नाव कुठून सांगणार? ते नाव माझ्या खिशात होतं. तो माणूस आजही आमच्या वावरात वेचणीला येतो. विळ्यावाल्या आणि दारूवाल्या दोन्ही पत्रलेखकांनी हे लक्षात घ्यावं. विळा आठवण ठेवत नाही. आणि दारूने कोणाचा जीव वाचवल्याचं मी ऐकलं नाही.

सातबारा, आठ-अ, पीक पाहणीची पोच, बँकेचे संदेश, कोणत्या ओळीत कोणतं वाण, कामगंध सापळ्यात रोज किती पतंग सापडले याची नोंद, आईचा शेवटचा आवाज, सगळं त्या फोनमध्ये आहे. मागे एकदा तो हौदात पडला आणि चार दिवस दारव्ह्याला दुरुस्तीला होता. त्या चार दिवसांत मी दर तासाला खिशावर हात नेत होतो. लोक याला व्यसन म्हणतील. मला तर चष्मा फुटल्यावर होतं तसंच झालं होतं.

आता दुसरा दिवस सांगतो, यंदाच्या सप्टेंबरातला. झडीनंतर तीन दिवस उघाड मिळाली. कपाशीवर तुडतुडे वाढले होते. सकाळी सहाला माणूस फवारायला येणार होता. वारा साधारण नऊला सुटतो, त्याच्या आत उरकायचं होतं. मी पाच वाजून दहा मिनिटांनी ओसरीत बसून पाऊस-वाऱ्याचा अंदाज पाहायला फोन उघडला. अंदाज पाहायला एक मिनिट लागलं. त्याच्या खाली एक चित्रफीत आपोआप सुरू झाली, वाघाने जंगलकाठच्या गावात गाय पाडली होती. मग कोणी पुढारी एका अधिकाऱ्याला झापत होता. मग एक बाई पुरणपोळी लाटत होती. मग पुन्हा वाघ. बायकोने हाक मारली, "अजी, मानूस येऊन उभा हाय नं!" तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाणी भरलं नव्हतं, गाळणी सापडत नव्हती. फवारणी आठला लागली, नऊला वारा सुटला, साडेतीन एकर राहिलं. दुपारनंतर आभाळ भरलं आणि पुढे सहा दिवस झड. त्या साडेतीन एकरात पानं कडेने लाल पडत गेली.

यात माझा दोष नाही असं मी म्हणत नाही. पण मी पुरणपोळी पाहायला बसलो नव्हतो. मी वारा पाहायला बसलो होतो.

आमच्याकडे खताच्या दुकानात एक प्रकार चालतो, साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे. डीएपीचं पोतं मागितलं तर त्यासोबत नको असलेली टॉनिकची बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी घ्यावीच लागते, नाहीतर पोतं संपलं. त्याला आपण लिंकिंग म्हणतो. लिंकिंग करणाऱ्या दुकानदाराची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करता येते. त्यावर कारवाई होते की नाही हा वेगळा विषय, पण ते चूक आहे हे सरकारही मानतं. फोनमध्ये नेमकं हेच चाललं आहे. मी हवामान मागतो, गळ्यात वाघ पडतो. मुलगी निकाल पाहायला जाते, गळ्यात नाच पडतो. आणि दुकानदाराचं तोंड मला दिसतं तरी, तो मला काय विकू पाहतो हे त्याच्या डोळ्यांत वाचता येतं. इथं समोर कोणीच नाही.

हे चुकून होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळाला, तर पोट भरल्यावर कबूतर थांबतं. पण दाणा कधी पडेल याचा नेम नसेल, तर ते चोच मारतच राहतं. बोटाने पडदा खाली ओढून नवं काही आलं का पाहणं म्हणजे तीच चोच. आणि पडद्याला तळच नसणं हीसुद्धा कोणीतरी ठरवून केलेली गोष्ट आहे. एझा रास्किन नावाच्या अभियंत्याने २००६ मध्ये ही न संपणारी सरकती यादी बनवली आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. आधी पान संपायचं, पुढचं हवं तर बटण दाबावं लागायचं. त्या दाबण्यात माणसाला एक श्वास मिळायचा. बाबांच्या चोपडीचं पान संपतं. पान उलटताना बाबा वर पाहतात, आभाळाकडे, बैलांकडे. मी त्या तासाभरात एकदाही वर पाहिलं नाही. समोरच्या निंबावर उजाडलेलंही मला दिसलं नव्हतं.

पण वेळ जाणं ही मला लहान गोष्ट वाटते. मोठी गोष्ट वेगळीच आहे.

दोन वर्षांपूर्वी कपाशीत डोमकळ्या, म्हणजे अळीने मिटवलेली फुलं, दिसल्या म्हणून मी फोनवर गुलाबी बोंडअळी शोधली. त्यानंतर पंधरा दिवस मला एकाच टॉनिकच्या चित्रफिती दिसत राहिल्या. त्यात आपल्यासारखाच धोतर-टोपीतला शेतकरी, आपल्यासारखीच भाषा, "म्या मारलं अन् बोंडं पाहा." ती जाहिरात आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पंधराव्या दिवशी मला खरंच वाटायला लागलं की हे औषध चांगलं आहे हे मला आधीपासून माहीत आहे. कुठं ऐकलं, कोणी सांगितलं, काही आठवेना. फक्त खात्री होती. १,८५० रुपये देऊन बाटली मागवली. अळीला काही झालं नाही, बाटली अजून गोठ्याच्या कोनाड्यात आहे. पैशांचं दुःख आहेच, पण मला घाबरवलं ते त्या खात्रीने. ती माझी नव्हती आणि मला माझी वाटत होती.

बाबांचा एक नियम होता. दुकानदार बिलाचा आकडा लिहायला चोपडी मागायचा तेव्हा बाबा ती देत नसत. म्हणायचे, "तुहा हिशोब तुह्या वहीत, माहा माह्या वहीत." लहानपणी मला तो हट्ट वाटायचा. आता कळतं. बाबांना पक्कं ठाऊक होतं की पुढे ते याच वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवणार आहेत, म्हणून तिच्यात दुसऱ्याचं अक्षर येऊ द्यायचं नाही. ओटोची चौथी अट बाबांनी कोणाचा लेख न वाचता पाळली होती.

माझ्या फोनमध्ये मात्र रात्रंदिवस कोणीतरी लिहितं. आणि तेही जवळजवळ माझ्याच अक्षरात. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने सुमारे ६ लाख ८९ हजार लोकांच्या पडद्यावर आठवडाभर मुद्दाम फेरफार केला. काहींना मित्रांच्या आनंदाच्या नोंदी कमी दाखवल्या, काहींना दुःखाच्या. ज्यांना आनंदाच्या कमी दिसल्या, ते स्वतःही थोडं कमी आनंदाचं लिहायला लागले. फरक फार लहान होता हे खरं आहे. २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला तेव्हा जगभर ओरड झाली, कारण त्या लोकांना कोणी वेगळं विचारलंच नव्हतं. बाबांच्या पेटीतली चोपडी रात्री कोणी काढून चार ओळी बदलल्या असत्या आणि फरक फार लहान आहे असं सांगितलं असतं, तर गावाने ऐकून घेतलं असतं का?

म्हणून विळ्यावाल्या पत्रलेखकांना माझं सांगणं आहे. फोन मनाचा भाग झाला आहे हे मान्य केलं की "संयम ठेवा" हा उपदेश पुरा पडत नाही. माणूस विळ्यापासून हात लांब ठेवू शकतो, आपल्याच आठवणीपासून कसा ठेवणार? बाबांची वही कोणी खरडली असती तर बाबांना "जपून वाचत जा" असं कोणी म्हटलं नसतं, खरडणाऱ्याचा हात धरला असता. आणि हाकलून द्या म्हणणाऱ्यांना हे सांगणं आहे की मी फोन फेकला तर त्या मजुराचा उताराही फेकला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीमुळे दुसरी जास्त गंभीर होते. परक्या वस्तूने मला फसवलं तर मी फसलो. माझ्याच मनात शिरून कोणी फसवलं, तर त्याला घरात शिरणं म्हणायला पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव घेतला होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. या गावांबद्दल मला आदर आहे. गाव एकत्र बसून आपल्या लेकरांचा विचार करतं ही लहान गोष्ट नाही. पण ग्रामसभा फक्त फोन चालू की बंद एवढंच ठरवू शकते. फोनच्या आतली वही आणि आतलं लिंकिंग वेगळं काढणं तिच्या हातात नाही. ते सरकारच्या हातात आहे.

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई करणं, छुपी जाहिरात, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून भंडावणं हे त्यात आहेत. माझी टॉनिकची चित्रफीत त्यात बसते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला तेव्हा माहीत असता तर मी लावला असता. पण तळ नसलेली यादी त्या तेरांत नाही. आपोआप सुरू होणारी चित्रफीतही नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. चांगलं आहे. पण अठराव्या वाढदिवसाला माणसाचं मन पोलादाचं होतं का? माझ्या बाबांना आता लहान मुलापेक्षा जास्त जपावं लागतं. त्यांच्या हातात फोन दिला आणि कोणी गोड बोलून काही सांगितलं, तर ते पुढच्या घटकेला म्हणतील, हे तर मला आधीच माहीत होतं.

मला हवंय ते साधं आहे. आपोआप चालणारं सगळं मुळात बंद असावं, ज्याला हवं त्याने चालू करावं. यादीला तळ असावा. आणि मला एखादी गोष्ट का दाखवली, कोणी पैसे भरले म्हणून की मी काय शोधलं म्हणून, हे तिथंच मराठीत लिहिलेलं असावं, बाटलीवरच्या रंगाच्या चौकोनासारखं, न वाचता येणाऱ्यालाही कळेल असं.

शेवटची गोष्ट आपल्याबद्दल आहे, राग मानू नये. गेल्या मंगळवारी मी बाबांची एक कोरी चोपडी घेतली आणि उठल्यापासून झोपेपर्यंत फोनने जितक्या वेळा हाक मारली तितक्या रेघा ओढल्या. ६१ झाल्या. कामाच्या पाच निघाल्या. एक बँकेची, एक कृषी केंद्राची, दोन मुलीच्या, आणि एक आपल्या दैनिकाच्या ॲपची, कापसाच्या भावाची. पण आपल्या ॲपच्या एकूण हाका ११ होत्या. उरलेल्या दहांत नटीचं लग्न होतं, कोण्या पुढाऱ्याचं "हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल" होतं, आणि एकच क्रिकेटची बातमी तीनदा होती. मी ते ॲप बाजारभावासाठी आणि पावसासाठी घेतलं आहे. शेतीच्या सूचना वेगळ्या आणि बाकीच्या वेगळ्या निवडता येतील अशी सोय आपण करू शकाल का? दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी इकडचे माझ्यासारखे पुष्कळ वाचक वेचणीच्या दिवसांत भाव पाहूनच माल गाडीत भरतात. सोय झाली तर तसं या पानावर छापावं. मी रोज पाहत राहीन.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ